वडाच्या पानाच्या आत काय दडलंय? पेशी, ऊती आणि पानाची अंतर्रचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडोदऱ्यातल्या मराठी घरांतली मुलं सुट्टीच्या दिवशी पानं घेऊन येतात. आम्ही ती कापतो, रंगवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. मुलांचे, त्यांच्या आई-बाबांचे आणि काही आजोबांचेही प्रश्न नंतर फोनवर येत राहतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. पेशी आणि ऊती यांत फरक काय? मुलाच्या गुजराती माध्यमाच्या पुस्तकात 'पेशी' भलत्याच अर्थानं आलंय.

पेशी हा सजीवाच्या शरीराचा सर्वांत लहान जिवंत घटक. एकाच उगमाच्या आणि मिळून एक काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. गोंधळ बडोद्यातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात होतो, कारण गुजराती पुस्तकात एका घटकाला 'कोष' आणि समूहाला 'पेशी' म्हणतात. म्हणजे शाळेतली 'पेशी' ही आपली ऊती. मुलाला घरी मराठीतून शिकवत असाल, तर पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून द्या. पुढची बरीच रडारड वाचेल.

2. कांद्याच्या पापुद्र्यात हिरवे कण दिसतच नाहीत. वनस्पतीच्या पेशीत हरितलवकं असतात ना?

प्रत्येक पेशीत नसतात. कांद्याच्या आपण खातो त्या पाकळ्या जमिनीखाली, अंधारात वाढतात आणि त्यांचं काम साठवणीचं आहे. तिथे हरितलवकांचा उपयोग नाही. त्याच कांद्याची हिरवी पात घेतली, की आतल्या पेशींत ती दिसतात. वनस्पतीची पेशी ओळखायची ती सेल्युलोजच्या पेशीभित्तिकेवरून आणि मधल्या मोठ्या रिक्तिकेवरून, म्हणजे द्रवानं भरलेल्या पिशवीवरून. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकलात तर केंद्रकही पिवळसर उठून दिसेल.

रॉबर्ट हूकनं 1665 मध्ये बुचाच्या कापात पाहिलेल्या पेशी मेलेल्या होत्या, उरल्या होत्या फक्त भित्तिका. केंद्रकाला नाव मिळालं 1831 मध्ये, रॉबर्ट ब्राऊननं ऑर्किडच्या पेशी तपासल्या तेव्हा. मुलांना ही दोन वर्षं मी मुद्दाम सांगतो. बघायला लागल्यापासून नीट दिसायला लागेपर्यंत दीडशेहून जास्त वर्षं गेली, हे कळलं की पहिल्याच दिवशी काही दिसलं नाही म्हणून कुणी हिरमुसत नाही.

3. ऊतींचे प्रकार लक्षात कसे ठेवायचे?

पाठ करू नका, हातात घ्या. दोन मुख्य गट आहेत. ज्यांच्या पेशी सतत विभागत राहतात ती विभाजी ऊती. ती खोडाच्या आणि मुळाच्या टोकाशी असते, आणि काही ठिकाणी मध्येही (प्रश्न 14 पाहा). विभागणं थांबवून ठरलेलं काम पत्करलेल्या पेशींची ती स्थायी ऊती.

स्थायी ऊतींपैकी साध्या तीन. बटाट्याचा गर म्हणजे मूलऊती: पातळ भित्तिकेच्या, जिवंत, साठवण करणाऱ्या पेशी. तुळशीची कोवळी फांदी बोटांत फिरवून बघा, ती चौकोनी लागते. त्या चार कोपऱ्यांत स्थूलकोन ऊती असते. ती जिवंत असते, तिच्या पेशींचे कोपरे सेल्युलोज आणि पेक्टिननं जाड झालेले असतात, म्हणून फांदी वाकते पण मोडत नाही. आणि पेरू खाताना दाताखाली जे कणकण येतं, त्या दृढऊतीच्या दगडी पेशी. लिग्निननं, म्हणजे लाकूड टणक करणाऱ्या पदार्थानं, भित्तिका इतक्या जाड होतात की आतला जिवंत भाग संपतो. नारळाच्या सोडणाचे, तागाचे धागेही दृढऊतीचेच.

पाणी वर नेणारी जलवाहिनी आणि पानात तयार झालेलं अन्न वाहून नेणारी रसवाहिनी या जटिल ऊती, कारण एकेकीत अनेक प्रकारच्या पेशी असतात.

4. मग कापूसही दृढऊतीच का?

नाही, आणि तोंडी परीक्षेत हमखास चुकणारा प्रश्न आहे. करजण-डभोईकडच्या शेतांत दिसणाऱ्या कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या बाहेरच्या सालीतली एकच लांबलेली पेशी. ती साधारण अडीच-तीन सेंटीमीटर वाढते आणि जवळपास निव्वळ सेल्युलोजची असते. तिच्यात लिग्निन नसतं. ताग खोडातून येतो, कापूस बीच्या सालीवरच्या केसांतून.

5. पानाच्या छेदात वरून खाली काय काय दिसतं?

आंब्याचं किंवा जास्वंदीचं पान घ्या. सर्वांत वर उपत्वचेचा मेणचट थर. तो पेशींचा नसतो, पेशींनी बाहेर टाकलेल्या पदार्थाचा असतो. त्याखाली अपित्वचा: एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशींचा रंगहीन थर, ज्यातून उजेड आरपार जातो. मग पर्णमध्य, आणि पानाचं खरं काम इथे चालतं. त्याचा वरचा भाग उभ्या, लांबट, दाटीनं उभ्या राहिलेल्या पेशींचा असतो, त्याला पॅलिसेड थर म्हणतात. हरितलवकं इथे सर्वांत जास्त, कारण ऊन इथे आधी पोचतं. पर्णमध्याच्या एका पेशीत सहसा 20 ते 40 हरितलवकं असतात.

खालचा भाग स्पंज थराचा. पेशी वेड्यावाकड्या, मध्ये हवेच्या मोकळ्या जागा. मुलं बऱ्याचदा विचारतात की इथे इतकी जागा 'वाया' का घालवली. वाया गेलेली नाही. कार्बन डायऑक्साइड पर्णरंध्रातून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रातून, आत आला की याच जागांतून पसरत प्रत्येक पेशीच्या ओल्या भित्तिकेपर्यंत पोचतो. पान आतून भरीव असतं तर वरच्या पेशी उन्हात असूनही उपाशी राहिल्या असत्या.

सर्वांत खाली खालची अपित्वचा आणि तिच्यात पर्णरंध्रं (प्रश्न 7). मध्ये मध्ये शिरा, म्हणजे जलवाहिनी आणि रसवाहिनीचे जुडगे, भोवती आवरण पेशींचं कडं. मोठ्या शिरेच्या वर-खाली स्थूलकोन ऊतीचा आधार असतो. तळहातावर घेतल्यावर पान लोंबत नाही ते बऱ्याच अंशी त्यामुळे.

6. शिरेत जलवाहिनी वरच्या बाजूला आणि रसवाहिनी खालीच का? उलट का नाही?

खोडात जलवाहिनी आतल्या अंगाला आणि रसवाहिनी सालीकडे असते. खोडातून एक फाटा पानात वळतो. पानाची वरची बाजू मुळात खोडाकडे तोंड करून असते, हे कोवळी कळी उलगडताना बघितलं की पटतं. त्यामुळे खोडात जे आत होतं ते पानात वर येतं. एवढं समजलं तर आकृतीत बाजू कधीच चुकत नाही.

7. पर्णरंध्रं घरच्या घरी बघता येतील का? ती वर असतात की खाली?

येतील. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, त्यावर चिकटपट्टी दाबून उचला आणि काचपट्टीवर लावा. पानाच्या पृष्ठभागाचा ठसा मिळतो. गुळगुळीत पान घ्या, केसाळ पानाचा ठसा नीट येत नाही. कुंडीतल्या ऱ्हिओचं, म्हणजे वर हिरव्या आणि खाली जांभळ्या पानाचं, नुसतं साल सोलूनही छान दिसतं.

वर की खाली, याचं उत्तर झाडाच्या राहणीवर आहे. आंबा, वड, जास्वंद यांसारख्या आडव्या पानांत ती मुख्यतः खाली. मका, गहू, बाजरी यांची पानं उभी असतात, दोन्ही बाजूंना ऊन मिळतं, म्हणून दोन्हीकडे. कमळाचं पान पाण्यावर पसरतं, खालून हवा मिळत नाही, म्हणून वर. पाण्यात बुडून राहणाऱ्या हायड्रिलात ती नसतातच.

8. पर्णरंध्र उघडतं आणि मिटतं ते कसं?

रंध्राच्या दोन बाजूंच्या दोन रक्षक पेशींत पोटॅशियम शिरलं की मागोमाग पाणी शिरतं. पेशी फुगतात. त्यांची रंध्राकडची भित्तिका जाड आणि बाहेरची पातळ असते, म्हणून फुगताना त्या बाहेरच्या अंगाला वाकतात आणि मध्ये फट पडते. पाणी गेलं की फट मिटते. गवतवर्गात या पेशी डंबेलच्या आकाराच्या असतात आणि त्यांची टोकं फुगतात. सगळ्या रंध्रांच्या फटी मिळून पानाच्या जेमतेम 1-2 टक्के जागा व्यापतात, तरी पानात आलेलं बहुतेक सगळं पाणी त्यातून वाफ होऊन जातं. झाडाच्या कामी येतं ते 1 टक्क्याहून कमी.

9. वडाच्या पानाचा छेद पुस्तकातल्या आकृतीसारखा येतच नाही. आमचं काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार.

पुस्तकातली आकृती सर्वसाधारण पानाची असते. वड हे उन्हातान्हात उभं राहणारं, जाड चामड्यासारख्या पानाचं झाड. त्याची वरची अपित्वचा एका थराची नसते, तिचे अनेक थर असतात. कोवळ्या पानात ती एकच थर असते, मग तिच्या पेशी पृष्ठभागाला समांतर विभागतात आणि थर वाढतात. म्हणून अगदी कोवळं आणि पूर्ण वाढलेलं अशी दोन्ही पानं कापून शेजारी ठेवा. हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं मूल तो विसरत नाही.

याच थरांत अधूनमधून एखादी पेशी इतरांपेक्षा बरीच मोठी दिसेल. तिच्या वरच्या भित्तिकेपासून एक दांडी खाली उतरलेली असते आणि दांडीला द्राक्षांच्या घोसासारखा खडबडीत गोळा लटकलेला असतो. हा सिस्टोलिथ. दांडी सेल्युलोजची, गोळ्यावर कॅल्शियम कार्बोनेट. खात्री करायची असेल तर आच्छादक काचेच्या कडेला स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचा एक थेंब सोडा. कार्बोनेट विरघळताना बुडबुडे निघतात. मुलं आरडाओरडा करतात ती इथे, आणि मी करू देतो. प्रत्येक छेदात दांडी दिसेलच असं नाही. ब्लेड जरा बाजूनं गेलं तर नुसता गोळा अधांतरी दिसतो, म्हणून भरपूर छेद घ्या.

तिसरी अडचण चिकाची. वडाच्या पानात चीकनलिका असतात. कापलं की पांढरा चीक वाहतो आणि छेदावर डाग धरतो. पानाचा तुकडा आधी पाण्यात ठेवून चीक जाऊ द्या, मगच छेद घ्या.

10. मग प्रयोगवहीत काय काढायचं, पुस्तकातलं की दिसलेलं?

दिसलेलं. पुस्तकातली आकृती बघून काढलेला पॅलिसेड थर एकसारख्या विटांचा असतो, खऱ्या छेदात तो कुठे तुटलेला, कुठे तिरका असतो. शिक्षक गुण कापतील ही भीती पालक बोलून दाखवतात. आकृतीखाली झाडाचं नाव, पान कोवळं की जून, आणि भिंगाची ताकद लिहा. एवढं लिहिलेलं असलं की आकृती वेगळी का आली हे तपासणाऱ्याला कळतं. लेखी परीक्षेत मात्र विचारलं असेल तेच, म्हणजे सर्वसाधारण पान काढा.

11. छेद पातळ येत नाहीत. आणि कुठली पानं आणू नयेत?

बटाट्याच्या किंवा गाजराच्या तुकड्याला चीर द्या, मधली शीर येईल अशी पानाची पट्टी तिच्यात बसवा. ब्लेड ओलं ठेवा आणि दाबण्याऐवजी स्वतःकडे ओढा. एकामागून एक घेत राहा, सगळे बशीतल्या पाण्यात सोडा, नंतर सर्वांत पातळ तो कुंचल्यानं उचला. पूर्ण गोल छेदाचा हट्ट नको. कडेला पातळ झालेला अर्धा तुकडा बहुतेक वेळा जास्त चांगला असतो. सॅफ्रेनिन या रंगानं लिग्निन असलेल्या भित्तिका लाल होतात, म्हणजे जलवाहिनी लगेच सापडते. ब्लेड मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच वापरायचं.

पानांबद्दल दोन सक्त सूचना. कण्हेर विषारी आहे, सर्वांगानं. तिचा छेद मोठ्यांनीच घ्यायचा आणि नंतर हात, ब्लेड, बशी धुवायची. आणि जलकुंभीसाठी किंवा कमळासाठी विश्वामित्रीच्या काठाला कुणीही उतरायचं नाही, नदीत मगरी आहेत. कमळाचं खोड बघायचं असेल तर बाजारातून कमळकाकडी आणा. तिच्यातल्या मोठ्या पोकळ्या म्हणजे हवा खेळवणारी वायुऊती. कमाटी बागेतल्या झाडांची पानं तोडू नका, ती सगळ्यांची आहेत. वड तर गल्लोगल्ली आहे.

12. कण्हेरीच्या पानात पर्णरंध्रंच सापडली नाहीत.

खाली खड्डे दिसले का? त्या खड्ड्यांत आहेत, आणि खड्ड्यांच्या तोंडाशी केस आहेत. केसांमुळे खड्ड्यातली हवा दमट राहते आणि पाणी कमी उडतं. वरची अपित्वचा इथेही अनेक थरांची. एप्रिल-मेच्या उन्हात रस्त्याच्या मधोमध कण्हेर फुलते ती याच बांधणीवर.

13. मक्याच्या पानात पॅलिसेड थर कुठे आहे?

नाही. वर-खाली सारखंच पर्णमध्य असतं. पण शिरांकडे बघा: प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींचं कडं आहे आणि त्याबाहेर पर्णमध्याच्या पेशींचं दुसरं. याला क्रान्झ रचना म्हणतात. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनच्या आम्लाच्या रूपात आतल्या कड्याला देतात आणि साखर तिथे तयार होते. हॅच आणि स्लॅक या दोघांनी 1966 मध्ये उसावर काम करून हा मार्ग मांडला. ज्वारी, बाजरी, ऊस यांत ही रचना आहे. गहू आणि भात गवतवर्गातलेच, तरी त्यांच्यात नाही. उन्हाळ्यात कोणतं पीक टिकतं याचा एक धागा इथे सापडतो.

मक्याच्या वरच्या अपित्वचेत फुगीर मोठ्या पेशींचे गट दिसतील. दुष्काळात त्यांतलं पाणी गेलं की पान गुंडाळलं जातं.

14. पानात विभाजी ऊती नसते, असं शिकवतात. मग पानफुटीच्या पानाला रोपं कशी फुटतात?

'पान ठरावीक आकाराला पोचलं की वाढ थांबते' हे बहुतेक पानांना लागू आहे, सगळ्यांना नाही. पानफुटीच्या पानाच्या कडेच्या खाचांत विभागण्याची ताकद राखून ठेवलेल्या पेशी असतात. ओलाव्यावर पान ठेवलं की तिथून मुळं आणि कोंब येतात. गवताच्या पानाच्या बुडाशीही विभाजी ऊती असते, म्हणूनच हिरवळ कापली तरी पातं खालून पुन्हा वाढतं.

टिश्यू कल्चरची, म्हणजे ऊतीच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेली केळी याच्याच पुढची पायरी. योग्य द्रवात ठेवली तर वनस्पतीची एकटी पेशीही पूर्ण झाड घडवू शकेल, ही कल्पना वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांट यांनी 1902 मध्ये मांडली. 1958 मध्ये स्टुअर्ड यांनी गाजराच्या रसवाहिनीच्या पेशींपासून रोपं करून दाखवली. केळीसाठी टोकाची विभाजी ऊती घेतात. ती वेगानं वाढते आणि तिच्यात विषाणू सहसा नसतात किंवा फार कमी असतात.

15. अळूनं घसा का खवखवतो? आणि त्याच्यावर पाणी का ठरत नाही?

दोन्हींचं उत्तर पेशींत आहे. अळूच्या काही पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे जुडगे असतात, त्यांना रॅफाइड्स म्हणतात. कच्चं पान चावलं की सुया टोचतात. म्हणून अळूवडी असो की शेजारच्या बेननी दिलेला पातरा, नीट वाफवल्याशिवाय तोंडात घालू नये. छेदात या सुया अगदी स्पष्ट दिसतात. हात लगेच धुवा.

पाण्याचं कारण वेगळं. वरच्या अपित्वचेच्या पेशींना बारीक उंचवटे आहेत आणि त्यांवर मेण. थेंब फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, खाली हवाच असते, म्हणून तो घरंगळतो. अळवावरचं पाणी ते हेच. कमळाचंही तसंच.

16. लाल, जांभळ्या पानांत हरितद्रव्य नसतं का?

असतं, झाकलेलं असतं. ऱ्हिओचा जांभळा रंग रिक्तिकेत विरघळलेल्या अँथोसायनिनचा. लाल माठाचा लाल रंग मात्र बीटाच्या जातीच्या बीटालेनचा. माठाचं पान गरम पाण्यात टाका: लाल रंग पाण्यात उतरतो आणि हिरवं पान हातात येतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या मनी प्लांटची गोष्ट वेगळी, पांढऱ्या भागात खरोखरच हरितद्रव्य जवळपास नसतं.

17. निवडुंगाला पानं नाहीत, तरी ते जगतं कसं? ऑस्ट्रेलियन बाभळीचं पान पान नाही, हे खरं का?

फड्या निवडुंगाचं हिरवं पातं म्हणजे खोड. हरितऊती, म्हणजे हरितलवकं असलेली ऊती, आणि पर्णरंध्रं त्याच्यावर, पानांचे काटे झालेले. रंध्रं रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दिवसा वापरला जातो. ऑस्ट्रेलियन बाभळीचं 'पान' म्हणजे चपटा झालेला देठ. तिचं बी रुजवून बघा, पहिली पानं बाभळीसारखी संयुक्त येतात.

18. जलवाहिनीच्या पेशी मेलेल्या असतात, तरी ऊती म्हणायचं?

म्हणायचं. उगम आणि काम एक आहे, तेवढं पुरे. पाणी वर चढायला पोकळ, बळकट नळी हवी, आणि ती पेशी मेल्यावरच मिळते. खरा अपवाद रसवाहिनीत आहे: चाळणी नलिकेची पेशी जिवंत असते पण तयार झाल्यावर तिला केंद्रक राहत नाही. तिचा कारभार शेजारची सहपेशी चालवते. भोपळ्याच्या वेलाच्या खोडात हे सर्वांत सोपं दिसतं.

19. पिंपळाच्या पानाची जाळी करताना पान अर्धवट कुजतं किंवा फाटतं.

पाणी फार दिवस बदललं नाही किंवा घाईनं घासलं तर असं होतं. पूर्ण वाढलेलं, न फाटलेलं पान घ्या, पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी अधूनमधून बदला. मऊ पर्णमध्य आणि अपित्वचा कुजून सुटतात, लिग्निन असलेल्या शिरा टिकतात (प्रश्न 3 आणि 5). गर बोटाला बुळबुळीत लागून आपोआप सुटायला लागला, की पान ताटलीत पाण्याखालीच ठेवून मऊ कुंचल्यानं मधल्या शिरेकडून कडेकडे झाडा. हवेत उचलून झाडलं तर बारीक शिरा तुटतात. शेवटी टीपकागदात घालून जाड वहीखाली दाबून वाळवा.